साठ दिवस, चौसष्ट पानं आणि कळंब्याची खिडकी

मळेकरी, तासगाव | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथं मी बहुतेक द्राक्षांची छाटणी, पाऊस आणि बाजारभाव यावरच लिहितो. आज वेगळं लिहितोय. लांबलंय, पण वाचा.

माझ्या चुलत भावाला सांगलीच्या सत्र न्यायालयानं सात वर्षं सक्तमजुरी दिली. बांधावरनं भांडण झालं आणि त्यात समोरचा माणूस गेला. चार आरोपी होते. दोघं सुटले, दोघांना शिक्षा लागली. भाऊ निर्दोष आहे असं मी इथं सांगत नाही. त्या दिवशी तो तिथं होता हे त्यानंही कधी नाकारलं नाही. कोयता त्याच्या हातात होता का, एवढ्यावर सगळं अडलंय.

निकालाच्या दिवशी आम्ही पाचजण कोर्टात होतो. शिक्षा सांगितली आणि पोलिसांनी त्याला बाजूला घेतलं. वहिनी भिंतीला धरून खाली बसली. निकालाची प्रत त्याच्या हातात देऊन सही घेतली हे मी बघितलं. पण ती प्रत त्याच्याबरोबरच गाडीतनं कोल्हापूरच्या कळंबा जेलला गेली. आम्हाला वाटलं एक वकिलांकडं असेल, आणि वकिलांना वाटलं आम्ही दुसरा वकील बघतोय. तशात गावातल्या एका जाणत्या माणसानं सांगितलं, "साठ दिवस गेले की दार बंद. आणि अपील केलं की शिक्षा वाढते." या दोन वाक्यांनी घर गारठून गेलं. कुणी पुढं काही बोलेना.

गेल्या गुरुवारी मुलाखतीला गेलो. त्यानं पिशवीतनं निकाल काढला. चौसष्ट पानं, सगळं इंग्रजी. भाऊ सातवी शिकलेला. त्यानं प्रत्येक पानावर आपलं नाव हुडकून खाली पेन्सिलीनं रेघ मारलीय. एक पान त्यानं काचेला लावून धरलं आणि बोट ठेवलं. म्हणाला, "हितं काय लिवलंय तेवढं सांग." मी अडखळत वाचलं. कोयता आरोपी नंबर दोनच्या, म्हणजे भावाच्या, 'घरातून' जप्त झाला असं लिहिलंय. पंचाची साक्ष झाली तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. पंच 'गोठ्यातनं' म्हणाला होता. गोठा तीन घरांचा आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला तिघांची नावं आहेत.

आज निकालाला ७८ दिवस झाले. आता काही होतं का? आणि हे पान वर कुणी वाचतं का?


निवृत्त शिरस्तेदार, सातारा | सोमवार, रात्री १०:२५

मळेकरी, आधी पोटातली भीती काढून टाका. दार बंद झालेलं नाही.

सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपिलाला ६० दिवस असतात. खालच्या दंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयात जायला ३०. नक्कल मिळवायला गेलेला काळ मुदतीतून वजा होतो. त्यानंतरही उशीर उरला तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज द्यायचा. कारण खरं लिहा. आत्ता इथं लिहिलंत तसंच लिहा. तुरुंगातल्या माणसाच्या पहिल्या अपिलाला १८ दिवसांच्या उशिरासाठी कोर्ट सहसा अडवत नाही.

दुसरं, भाऊ स्वतः आतून अपील करू शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३८३ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत ४२४ आहे. अर्ज आणि निकालाची प्रत अधीक्षकांकडे द्यायची, त्यांनी ती कोर्टाकडे पाठवायची. वकील लागत नाही, फी लागत नाही.

तिसरं त्या इंग्रजीबद्दल. शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत लगेच आणि फुकट द्यायची हे सगळ्यांना ठाऊक असतं (आता कलम ४०४). त्याच्या पुढचं कलम कुणी उघडत नाही. निकाल कोर्टाच्या भाषेखेरीज दुसऱ्या भाषेत लिहिलेला असेल आणि आरोपीनं मागणी केली, तर त्याचा कोर्टाच्या भाषेतला अनुवाद रेकॉर्डला जोडावा लागतो. आपल्या जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. माझ्या नोकरीत ही मागणी किती आरोपींनी केली हे बोटावर मोजता येईल, कारण असं मागता येतं हेच त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. टेबलाच्या अलीकडे मी बसलेलो असायचो आणि मीही सांगितलं नाही. याची खंत आहे.


वारणाकाठ | सोमवार, रात्री ११:०२

शिक्षा वाढण्याबद्दल कुणीतरी नीट सांगा. आमच्याकडंही हेच बोलतात.


काळा कोट, मिरज | मंगळवार, सकाळी ७:१५

सांगतो. आरोपीनं स्वतःच्या शिक्षेविरुद्ध केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. कलमं बदलता येतील, शिक्षा कमी करता येईल, निर्दोष सोडता येईल, फेरचौकशीला पाठवता येईल, वाढवता मात्र येणार नाही. वाढवायची तर सरकारनं वेगळं अपील करावं लागतं किंवा उच्च न्यायालयानं तशी नोटीस काढावी लागते, आणि तेव्हाही आरोपीचं म्हणणं ऐकल्याशिवाय ते होत नाही. गावोगावची ही भीती किती लोकांचा हक्क गिळून बसलीय याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

सरकार गेलं तर काय होऊ शकतं याचं आपल्याच राज्यातलं जुनं उदाहरण म्हणजे होसकोट विरुद्ध महाराष्ट्र सरकार, १९७८. विद्यापीठाच्या बनावट पदव्यांचं प्रकरण होतं. सत्र न्यायालयानं कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड एवढीच शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयात ती तीन वर्षं झाली. तो माणूस सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तेव्हा मुदत उलटून वर्षं झाली होती. त्याचं म्हणणं होतं, निकालाची प्रत मला मिळालीच नाही. तुरुंगाकडे प्रत गेली होती, पण त्याला दिल्याची पोचपावती कुणालाच दाखवता आली नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिथं ठरवून दिलं की प्रत कैद्याच्या हातात पडली पाहिजे आणि त्याची लेखी पोच घेतली पाहिजे. वकील परवडत नसेल तर सरकारच्या खर्चानं द्यायचा. अपील ही मेहेरबानी नाही, घटनेच्या कलम २१ मधल्या न्याय्य प्रक्रियेचा तो भाग आहे. तुमच्या भावाच्या हातातली ती चौसष्ट पानं या निकालाच्या रस्त्यानं आलीत. पण कागद हातात आला म्हणजे तो कळला असं होत नाही, आणि तुमचं दुखणं तिथंच आहे.

गोठ्याबद्दल खोटी आशा लावत नाही. सामाईक, कुणालाही जाता येईल अशा जागेतून झालेली जप्ती कमजोर धरतात हे खरं. पण भावानं स्वतः चालत नेऊन वस्तू काढून दिली असं पंचनामा म्हणत असेल, तर ती तिथं आहे हे त्याला माहीत होतं एवढं सरकार पक्षाच्या पदरात पडतं. बाकी पुरावा काय आहे यावर सगळं ठरेल. नुसता निकाल वाचून चालणार नाही. साक्षीच्या नकला काढा, विशेषतः पंचाचा उलटतपास.


अजिंक्यतारा | मंगळवार, सकाळी ९:३०

एक प्रश्न पडला. एकदा कोर्टानं दोषी ठरवल्यावर तो निर्दोष समजला जाण्याचा हक्क संपला ना? मग वर सगळं पुन्हा पहिल्यापासून कशाला? अशानं खटले कधी संपणारच नाहीत.


काळा कोट, मिरज | मंगळवार, दुपारी १:४०

प्रश्न रास्त आहे. शिक्षा झाली की निर्दोषत्वाचं गृहीतक खाली बसतं, बरोबर. पण पहिलं अपील म्हणजे खालच्या निकालावर शिक्का मारणं नव्हे. त्या न्यायालयानं साक्षीपुरावा स्वतः वाचायचा असतो आणि स्वतःचं मत बनवायचं असतं. आरोपी किंवा त्याचा वकील हजर नाही म्हणून फौजदारी अपील नुसतं काढून टाकता येत नाही, गुणदोषांवरच निकाल द्यावा लागतो. बनी सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली हे ठरवलं. माणूस तुरुंगात असेल आणि त्याचा वकील पुकाऱ्याला आला नसेल तर तारीख द्यावी किंवा सरकारी खर्चानं दुसरा वकील नेमावा, असंही त्यात आहे.

आता 'पुन्हा कशाला' याचं उत्तर. नाशिक जिल्ह्यातलं २००३ सालचं प्रकरण. दरोडा, खून, बलात्कार. आरोपी सहा, सगळे भटक्या जमातीतले मजूर. सत्र न्यायालयानं फाशी दिली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी ठरवली. तिथं प्रकरण संपलं असतं. पण फेरविचार पुन्हा उघडला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा हुकूम केला. घटनेतून वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या फोटोंमधून दुसऱ्याच चार जणांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपासच झाला नाही. आणि हे नंतर कुणाला सापडलेलं नाही, ते रेकॉर्डमध्येच होतं. तीन कोर्टांतून तो कागद फिरला. सोळा वर्षं.

मी वकिली करतो, म्हणून हे लिहिताना माझ्याच लोकांबद्दल बोलतोय. अपील दाखल करणं सोपं आहे, रेकॉर्ड वाचणं जड आहे. पेपरबुक, म्हणजे अपिलासाठी एकत्र बांधलेले खटल्याचे कागद, हजार पानांचं असतं. नेमलेल्या वकिलाला आरोपीनं कधी बघितलेलं नसतं, आणि वकिलानंही आरोपीला नाही. २०१९ च्या अनोखीलाल निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा प्रकरणात नेमलेला वकील किमान दहा वर्षं अनुभवाचा असावा आणि तयारीला त्याला निदान सात दिवस मिळावेत. सात दिवस! हे सुद्धा सांगावं लागलं, कारण त्या प्रकरणात वकील नेमला त्याच दिवशी काम सुरू झालं होतं.


कराडची लेक | मंगळवार, रात्री ८:५५

सगळं वाचतेय कालपासून. लिहू की नको असं चाललं होतं.

मी दुसऱ्या बाजूची. माझा धाकटा भाऊ गेला. दोघांना शिक्षा झाली तेव्हा आईनं देवापुढं साखर ठेवली. वर्षभरानं त्यातला एक मंडईत मेथी घेताना मला दिसला. माझे पाय तिथंच थिजले. घरी येऊन फोनाफोनी केली तेव्हा कळलं, अपील चालू आहे आणि शिक्षा तहकूब करून त्याला जामीन मिळालाय. आम्हाला एका शब्दानं कुणी सांगितलं नव्हतं. पुढं अपिलाची तारीख कधी होती, काय बोलणं झालं, काही माहीत नाही. शिक्षा कमी झाल्याचं पेपरात वाचलं.

मळेकरी दादा, तुमच्या भावाचं पान कुणीतरी वाचावं असं मलाही वाटतं, मनापासून. पण आमच्या भावाचं पान कोण वाचतं? हक्क, हक्क म्हणता तेव्हा ते सगळे त्याच बाजूचे का असतात?


निवृत्त शिरस्तेदार, सातारा | मंगळवार, रात्री ९:४०

ताई, तुमच्याशी जे झालं ते चुकीचं झालं. त्याचं समर्थन कुणी करू नये.

कायद्यात तुमच्यासाठी जागा आहे, पण उशिरा झालेली आणि अरुंद. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताला किंवा त्याच्या वारसांना स्वतः अपील करता येतं. आरोपी सुटला तर, कमी गंभीर कलमाखाली शिक्षा झाली तर, किंवा भरपाई अपुरी वाटली तर. शिक्षा कमी वाटते एवढ्यासाठी मात्र नाही, तो अधिकार सरकारकडेच आहे. आणि दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात शिक्षा तहकूब करून जामिनावर सोडण्याआधी सरकारी वकिलांना लेखी विरोधाची संधी द्यावीच लागते. त्या संधीची खबर तुमच्या दारापर्यंत आली नाही, ही खरी कमतरता.


काळा कोट, मिरज | मंगळवार, रात्री १०:१०

ताई, जामिनाबद्दल एक गोष्ट सांगतो, पटलीच पाहिजे असं नाही. १९७७ साली कश्मीरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच पेच होता. अपील पाच-सहा वर्षं ऐकलं जाणार नाही आणि माणूस आत आहे. शेवटी निर्दोष ठरला तर ती वर्षं त्याला कोण परत देणार? म्हणून अपील वेळेत ऐकता येत नसेल तर सहसा जामीन द्यावा, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणजे जामिनाच्या मुळाशी दिरंगाई आहे. अपील सहा महिन्यांत निघालं असतं तर तो माणूस तुम्हाला मंडईत दिसला नसता. एक तर तो आत असता, नाहीतर कायमचा सुटलेला असता, आणि का सुटला ते निकालात लिहिलेलं असतं.


कराडची लेक | मंगळवार, रात्री १०:४८

डोक्याला पटतं. मंडईच्या त्या कोपऱ्यावरनं मी आजही जात नाही.


बाई, जत | बुधवार, पहाटे ५:५०

मी शाळेतून निवृत्त झाले. माझ्या यजमानांवर अपहाराची केस होती. तीन वर्षं शिक्षा लागली, त्यांनी अपील केलं. शिक्षा तहकूब होती, घरीच असायचे. दर तारखेला पहाटेची एसटी. अपील चालू असतानाच ते हृदयविकारानं गेले. माणूसच गेला तर केस कसली, असं म्हणत मी फाइल माळ्यावर टाकली. फार उशिरा एका ओळखीच्या वकिलांकडून कळलं की अपील करणारा वारला तरी जवळच्या नातेवाइकाला तीस दिवसांत अर्ज करून ते अपील पुढं चालवता येतं. शिक्षा भोगायची राहिली नाही, पण नाव तर पुसता आलं असतं. ते रोज रात्री हिशोबाच्या वह्या काढून बसायचे, कुठली पावती कुठं जोडली ते मला दाखवायचे. त्या वह्या अजून माझ्याकडं आहेत. ते तीस दिवस दहावं, तेरावं आणि पेन्शनच्या कागदांत निघून गेले.

मळेकरी, उशीर करू नका एवढंच सांगायला लिहिलं.


वारणाकाठ | बुधवार, सकाळी ८:२०

बाई, वाचून काही सुचेना.

मळेकरीदादा, वकिलाचा खर्च कसा करताय? द्राक्षाचं यंदाचं आपल्याला माहीत आहे.


निवृत्त शिरस्तेदार, सातारा | बुधवार, सकाळी ११:०५

खर्चाचं सांगतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. बागायतदार असला तरी त्याला मोफत वकील मागता येतो. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, लोकअभिरक्षक, म्हणजे आरोपीची बाजू मोफत मांडणारे प्राधिकरणाचे वकील, तेही आता तिथंच भेटतात, आणि १५१०० हा फोन क्रमांक आहे. ते कागद पुढं उच्च न्यायालयाच्या समितीकडे पाठवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयांना सुचवलंय की शिक्षेच्या निकालाच्या प्रतीवरच एक पान जोडा आणि मोफत वकील कुठं मिळेल ते त्यावर छापा. तुमच्या चौसष्ट पानांत ते पान आहे का बघा. नसेल तर प्राधिकरणाला लेखी कळवा.

फक्त माझं आधीचं एक बोलणं दुरुस्त करतो. जेल अपिलानं दार उघडतं, मुदत वाचते. पण आत जाऊन बोलायला वकील पाहिजेच. त्यावर थांबू नका.


काळा कोट, मिरज | बुधवार, दुपारी २:३०

आणि आता मुंबई नाही, हे विसरू नका. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय, सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या इमारतीत. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्याकडं आहेत. यासाठी आम्ही वकिलांनी चार दशकं मोर्चे काढले, कामकाजावर बहिष्कार घातले. पूर्वी पक्षकार महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर बसून जायचा, दिवसभर बोर्डाकडं बघत उभा राहायचा, नंबर यायचा नाही, परत रात्रीची गाडी. दोन-चार खेपांनंतर लोक जायचे बंद व्हायचे, आणि मग कागदावर 'पक्षकार संपर्कात नाही' एवढंच उरायचं. आता कळंबा जेल आणि हायकोर्ट एकाच शहरात आहेत. नेमलेल्या वकिलाला आरोपीला भेटायला सबब राहिलेली नाही. तुम्ही हट्ट धरा की वकिलांनी एकदा तरी भावाला भेटावं. रेकॉर्ड वाचताना ज्या शंका येतात त्यांची निम्मी उत्तरं त्याच्याकडं असतात.


मळेकरी, तासगाव | पुढचा रविवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार कसे मानू. काय काय झालं ते लिहितो.

बुधवारीच प्राधिकरणात गेलो. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, अर्ज लिहायला मदत केली. वकीलपत्रावर भावाची सही कळंब्यात झाली, खाली जेलचा शिक्का. विलंब माफीचा अर्ज आणि शिक्षा तहकुबीचा अर्ज सोबत जोडलाय. निकालावर ते माहितीचं पान नव्हतं, तसं लेखी दिलंय. मराठी अनुवादाची मागणीही केली.

साक्षीच्या नकला शुक्रवारी मिळाल्या. साक्ष मराठीतच लिहिलेली आहे. उलटतपासात ओळ आहे: "हे म्हणणे खरे आहे की, सदरचा गोठा तीन भावांच्या वापरात आहे व त्यास दार नाही." आणि सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांनी आधी घेतलेल्या साक्षीत, "कडब्याच्या गंजीमागून". 'घर' हा शब्द पंचाच्या तोंडी कुठंच नाही. पण मिरजेच्या साहेबांनी सांगितलेलं दुसरंही खरं निघालं. "आरोपीने स्वतः पुढे होऊन दाखविले" हे पण त्यातच आहे. दोन्ही ओळी मी वकिलांना दाखवल्या. लपवून काय उपयोग.

काल मुलाखतीला वहिनीला घेऊन गेलो. निकालानंतर ती पहिल्यांदाच गेली. मी नक्कल काचेला लावली, त्यानं स्वतः वाचली, बोट फिरवत, सावकाश. मराठी आहे म्हणून. 'दार नाही' पाशी थांबला आणि मान हलवली. मग खालची ओळ पण वाचली आणि बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, "पोलिसांनी आधी नेलं होतं तिथं, मग पंचांना आणलं. हे मी वकिलाला सांगितलंय का न्हाई आठवत न्हाई."

साहेबांनी म्हटल्याप्रमाणे नव्या वकिलांना त्याला भेटायला सांगितलंय. बुधवारी जातो म्हणालेत.

कराडच्या ताई, तुमचा प्रश्न मी वहिनीलाही वाचून दाखवला. गेलेल्या माणसाची बायको आमच्याच पाणंदीला राहते. तिच्याकडंही कुणी गेलेलं नाही, आणि आम्ही तर जाऊच शकत नाही. तिला अपिलाचं कळवायची काही रीत आहे का, शिरस्तेदार काका?


निवृत्त शिरस्तेदार, सातारा | रविवार, रात्री १०:३०

आहे. तुम्ही स्वतः जाऊ नका, दबाव आणला असा अर्थ निघेल आणि जामिनालाही बाधा येईल. प्राधिकरण पीडितांसाठीही आहे. महिलांना तिथंही उत्पन्नाची अट नाही. उद्या मीच ओळखीच्या एकांना फोन करतो, त्यांच्यामार्फत तिच्यापर्यंत माहिती पोहोचेल. कराडच्या ताई, तुमचाही क्रमांक मला खाजगी निरोपात पाठवा.